छापील चित्राचे मोल

जानेवारी महिन्यात एका रविवारी बंगळूरच्या कुमारकृपा रस्त्यावरील वाहतूक थांबविली जाते आणि त्या ऐसपैस रस्त्याचा बाजार होतो. कानडीत आठवड्याच्या बाजाराला ‘संते’ म्हणतात. ही चित्रांची संते. कर्नाटक चित्रकला परिषदेने ती २००३ साली सुरू केली. चित्र हे धनिकांच्या दिवाणखान्यातच अडकून न पडता सामान्यांच्या भिंतीवर यावे, हा तिचा हेतू. झाडांच्या बुंध्यांना, कुंपणांना, पदपथाच्या कडांना टेकवून ठेवलेली चित्रे पाहत माणसांचा लोंढा सकाळपासून वाहत असतो. शंभर-दोनशे रुपयांचे रेखाटन आणि लाखाचे तैलचित्र तेथे शेजारी शेजारी उन्हात उभी असतात. बदली होऊन या शहरात आलेला आमच्यासारखा मराठी नोकरदार पहिल्या वर्षी तेथे कुतूहलाने जातो, दुसऱ्या वर्षी सवयीने जातो, आणि तिसऱ्या वर्षी, बदलीचा हुकूम केव्हा निघेल याचा नेम नसल्यामुळे, काहीतरी घेऊनच परततो.

आम्ही घेतले ते एक छापचित्र. जुन्या बंगळुरी बंगल्याचे ते लाकडी टोकदार छत, ज्याला येथील लोक ‘मंकी टॉप’ म्हणतात, त्यावर झुकलेले पर्जन्यवृक्षाचे झाड आणि खाली ओली वाट, रंग तीनच. खालच्या कडेला पेन्सिलीने ७/३० असा आकडा आणि सही. विकणारी मुलगी बेळगावकडची निघाली. तिने आठशे सांगितले. भाव करणे ही आमची वडिलोपार्जित खोड. मंडईत मेथीच्या जुडीला जो न्याय तोच आम्ही तेथे लावला आणि पाचशेवर सौदा तुटला. चित्र गुंडाळताना ती एवढेच म्हणाली, “काका, हातानं छापलंय हो हे. झेरॉक्स नव्हे.”

तेवढ्यावर प्रकरण मिटले असते. परंतु बोलता बोलता आम्ही हिशेबखात्यात असल्याचे सांगून बसलो होतो. चार दिवसांनी तिचा निरोप आला. संतेत नऊ प्रती गेल्या होत्या. उरलेल्या एकवीस तिला इंटरनेटवर विकायला ठेवायच्या होत्या. “किंमत कशी लावायची तेवढं सांगा की काका, तुम्ही हिशेबातले.” ज्याने नुकतीच किंमत पाडून घेतली त्याच्याकडेच किंमत ठरविण्याचे काम यावे, यातील खोच तिच्या ध्यानात आली होती की नाही हे आम्हास कळले नाही. आमच्या मात्र आली. म्हणून थोडे जुने वाचन चाळले, आणि जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रंगविलेले चित्र एक असते. ज्याला ते हवे त्याने त्याचे मोल द्यावे, नाहीतर पाहून समाधान मानावे. छापील चित्राची गोष्ट निराळी. लाकूड, तांबे, दगड किंवा आजचा लिनोलियमचा तुकडा कोरून अथवा रेखून सिद्ध होईपर्यंत सगळा खर्च होऊन गेलेला असतो आणि विकायला एकही प्रत नसते. पुढे प्रत्येक प्रतीला लागतो तो कागद, थोडी शाई आणि हाताचे श्रम. म्हणजे पहिली प्रत भयंकर महाग आणि शंभरावी जवळजवळ फुकट. मग गिऱ्हाइकाकडून मागायचे काय? पहिल्या प्रतीचे मोल की शंभरावीचे? या एका प्रश्नावर युरोपात आणि आपल्याकडेही मोठमोठे कलावंत अडखळले आहेत.

न्यूरेंबर्गच्या ड्यूररला तो नीट उमगला होता. त्याची पत्नी आग्नेस जत्रांतून त्याची छापचित्रे विकीत असे, आणि १५२०-२१ च्या नेदरलँड्सच्या प्रवासात कोणास किती चित्रे दिली, कोणाकडून काय घेतले, हे त्याने रोजनिशीत एखाद्या कारकुनाच्या चोखपणाने टिपून ठेवले आहे. पुढे रेम्ब्रांटच्या एका ख्रिस्तचित्राच्या छापाला ‘शंभर गिल्डरचे चित्र’ हेच नाव पडले. चित्राचा विषय मागे पडून किंमतच त्याचे नाव होऊन बसली, हे भाग्य फारच थोड्या कलाकृतींना लाभले असेल. इंग्लंडात विल्यम होगार्थने १७३२ साली एका पतित स्त्रीच्या जीवनावरील सहा चित्रांचा संच एका गिनीस, आगाऊ वर्गणी घेऊन विकला. संच बाराशेच्या वर गेले. लगोलग नकला निघाल्या. तेव्हा त्याने पार्लमेंटकडे धाव घेतली, आणि त्याच्या खटपटीने झालेला १७३५ चा कायदा अमलात येईपर्यंत आपली पुढील चित्रमालिका त्याने हेतुपुरस्सर रोखून धरली. कोरणाऱ्यास चौदा वर्षांचा हक्क त्या कायद्याने मिळाला. वर्गणी आधी, छपाई मागून, आणि नक्कल करणाऱ्यास दंड : पहिल्या प्रतीचा खर्च भरून काढण्याची ही होगार्थची रीत होती.

खुद्द बंगळूर त्याच शतकाच्या अखेरीस अशा छापील चित्रांतून लंडनच्या बाजारात विकले गेले आहे. १७९१ च्या मार्चमध्ये कॉर्नवॉलिसने टिपूकडून बंगळूरचा किल्ला घेतला. त्याच मोहिमेत पुढे हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्यास येऊन मिळाल्या, हे मराठी वाचकांस सांगावयास नको. इंग्रजांच्या छावणीत तोफा आणि दाणागोटा यांच्यासोबत चित्रकारही होते. रॉबर्ट होमने काढलेले म्हैसूरचे देखावे १७९४ मध्ये प्रसिद्ध झाले. कोलब्रुक नावाच्या अधिकाऱ्याने म्हैसूर राज्यातील बारा देखाव्यांचा संग्रह काढला. आणि तोफखान्यातील जेम्स हंटर १७९२ मध्ये मरण पावल्यावर त्याची रेखाटने ताम्रपटावर उतरवून, हाताने रंग भरून, १८०५ च्या सुमारास लंडनात प्रसिद्ध झाली. तटबंदी, दरवाजे, पेठेतील रस्ते, सारे काही त्यांत आहे. ही पुस्तके आज अखंड मिळणे कठीण, कारण जुन्या चित्रांचे व्यापारी असली पुस्तके उसवून एकेक पान स्वतंत्र विकतात. आख्ख्या पुस्तकापेक्षा सुट्या पानांची बेरीज जास्त होते. या व्यापारात पुस्तकाचा जीव जातो, पण भिंती सजतात.

बंगळूर विकले गेल्याचे आणखी एक उदाहरण आम्हा मराठी माणसांस बोचणारे आहे. १६३८ मध्ये विजापूरकरांनी केंपेगौडांकडून हे शहर घेतल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे व्यंकोजींच्या हातून ते १६८७ साली मोगल सरदार कासिमखानाने घेतले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराजास दिले. रक्कम तीन लाख रुपये. आज त्या रकमेत येथे गाडी ठेवण्यापुरती जागाही मिळणार नाही. असो. विषय चित्रांचा आहे.

आपल्याकडे स्वस्त छापील चित्राचा मार्ग मोकळा केला तो दगडाने. म्यूनिकच्या आलॉइस सेनेफेल्डरला आपली नाटके कमी खर्चात छापावयाची होती. हाताशी कागद नसल्याने परटाच्या कपड्यांची यादी त्याने चुनखडीच्या गुळगुळीत फरशीवर मेणट शाईने लिहून ठेवली, आणि त्यातून अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात शिळाछापाचा शोध लागला, अशी हकीकत त्याने स्वतःच सांगितली आहे. तेलकट रेघ शाई धरते, ओला दगड शाई नाकारतो; सगळी विद्या एवढीच. मुंबईत गणपत कृष्णाजींनी याच शिळाछापावर मराठी पंचांगे छापून घरोघर पोहोचविली. पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी चित्रशाळा काढली. तेथील रंगीत रामपंचायतनाने महाराष्ट्रातल्या कितीतरी देवघरांत जागा मिळविली. पुढे वासुकाका जोशी यांच्या हाताखाली चित्रशाळेने देवदेवतांबरोबर मराठेशाहीतील पुरुषही भिंतीवर आणले. चित्र विकत घेणे म्हणजे चैन नव्हे, तो देव घरात आणणे आहे, अशी समजूत एकदा रुजली की किंमतीचा प्रश्न निराळाच होतो. देवाचा भाव कोणी करीत नाही, पण देव महाग असलेलाही कोणास चालत नाही.

आता मुख्य प्रकरणाकडे वळतो. ते सुरू होते ते परमुलखात नोकरी करणाऱ्या एका मराठी अधिकाऱ्यापासून, आणि म्हणूनच या मासिकाच्या वाचकांस ते आपल्या घरचे वाटावे.

सर टी. माधवराव हे तंजावरकडील मराठी घराण्यातले; जन्म कुंभकोणम येथे, १८२८ साली. त्रावणकोरची दिवाणगिरी, मग इंदूर, मग १८७५ पासून १८८२ पर्यंत बडोदे : तिन्ही संस्थानांचा कारभार त्यांनी पाहिला. सयाजीराव गायकवाडांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली त्या निमित्ताने १८८१ मध्ये किळिमानूरच्या रवि वर्मांना बडोद्यास बोलावून घेण्यात त्यांचाच हात होता. निवृत्तीनंतर १८८४ च्या सुमारास त्यांनी रवि वर्मांना एक पत्र लिहिले. त्याचा आशय असा : आपली चित्रे हवीत असे लोक पुष्कळ आहेत, दोन हातांनी आपण इतक्यांची इच्छा कशी पुरविणार? निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांचे ओलिओग्राफ करवून घ्यावेत. आपली कीर्ती वाढेल आणि देशाचीही सेवा होईल. हिशेबी कारभाऱ्याचे हे पत्र आहे. मागणी आणि पुरवठा यांचा मेळ दोन वाक्यांत घालून, देशसेवेची जोड देऊन, त्यांनी एका राजमान्य चित्रकारास छापखान्याच्या वाटेस लावले. छापखाना मात्र त्यांना पाहावयास मिळाला नाही. १८९१ मध्ये ते वारले.

मधल्या काळात एक गोष्ट घडली. सयाजीरावांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी रामायण-महाभारतातील चौदा चित्रे रवि वर्मांकडून करवून घेतली आणि त्याबद्दल पन्नास हजार रुपये दिले. सरासरी काढली तर एका चित्रास साडेतीन हजारांहून थोडे अधिक. राजवाड्यात जाण्यापूर्वी १८९० च्या सुमारास ती लोकांस पाहण्यासाठी मांडली गेली, तेव्हा माणसांची रीघ लागली. घरी न्यायला मात्र त्यांना काहीच नव्हते. माधवरावांनी म्हटले होते ती मागणी हीच.

१८९४ साली मुंबईत रवि वर्मांचा चित्रछापखाना सुरू झाला. भागीदार गोवर्धनदास खटाऊ मखनजी. यंत्रे जर्मनीची, कारागीर जर्मन. पहिले छापील चित्र शकुंतलेच्या जन्माचे निघाले. या चित्रांस आपण आज सरसकट ‘छापील’ म्हणून मोडीत काढतो, परंतु ती यंत्राने आपोआप उतरलेली नव्हती. मूळ चित्र पाहून त्यातला प्रत्येक रंग निराळा काढायचा, आणि प्रत्येक रंगासाठी एकेक दगड हाताने, ठिपक्या-ठिपक्यांनी रेखायचा. एका चित्रास दहा-बारा, कधी त्याहूनही अधिक दगड लागत. कागद तितक्या वेळा यंत्राखालून जाई, आणि दर वेळी तो पूर्वीच्या खुणेवर अचूक बसावा लागे. केसभर सरकला की लक्ष्मीचे ओठ गालावर जात. सगळे रंग बसल्यावर वर रोगण, आणि तैलचित्राच्या कापडाचा भास व्हावा म्हणून कधी ठशाचा दाब. दगड जड आणि परदेशी. काम संपले की वाळूने घासून तोच दगड पुढच्या चित्रास घ्यावयाचा. एकदा घासला की जुने चित्र गेले. या साऱ्याचा खर्च पहिली प्रत विकली जाण्याआधी व्हायचा, आणि प्रत विकायची ती मात्र कारकुनाच्या पगाराला झेपेल अशा भावाने.

हा मेळ बसला नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, कामगार पांगले, छापखाना घाटकोपराहून हलवून शतकाच्या अखेरीस लोणावळ्याजवळ मळवलीस नेला गेला. भागीदार वेगळे झाले. कर्जाचा बोजा रवि वर्मा आणि त्यांचे धाकटे बंधू राजराज वर्मा यांच्यावर पडला. हे बंधू स्वतः चांगले चित्रकार होते. त्यांनी इंग्रजीत लिहिलेली रोजनिशी उपलब्ध आहे, आणि ती वाचताना कुंचला धरणाऱ्या माणसाचा किती वेळ येणी, देणी, गाडीभाडी आणि गाठीभेटींत जातो हे पाहून मन विषण्ण होते. चित्रकाराने व्यापारी होऊ नये असे आमचे म्हणणे नाही. ड्यूरर होताच की. पण ड्यूररजवळ आग्नेस होती.

नव्या शतकाच्या प्रारंभी छापखाना फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञास विकण्यात आला. छापखाना आणि एकोणनव्वद चित्रांचे हक्क मिळून पंचवीस हजार रुपये, हा आकडा चरित्रकार देतात. हिशेबखात्यातल्या माणसास हा आकडा पाहून स्वस्थ बसवत नाही. यंत्रे, दगड, इमारत सारे शून्य धरून सगळी रक्कम हक्कांवर टाकली तरी एका चित्राच्या हक्कास दोनशे एक्याऐंशी रुपये पडतात. ज्याच्या एका मूळ चित्रास महाराज साडेतीन हजार देत होते, त्याच्या चित्राच्या हजारो प्रती छापण्याचा कायमचा अधिकार त्याच्या बाराव्या हिश्शाइतक्या मोलाने गेला. कर्जदाराला वाट पाहता येत नाही, हे एक कारण. दुसरे कारण आम्हास असे दिसते की हक्क म्हणजे काय चीज आहे याची किंमत तोवर आपल्या बाजारास करताच येत नव्हती. कागद दिसतो, दगड दिसतो, यंत्र दिसते. हक्क दिसत नाही.

श्लायखरला तो दिसला. त्याने देवदेवता छापल्या, तशी लेबले, दिनदर्शिका आणि जाहिराती छापल्या. साबण आणि बालकांचे औषध यांच्या कंपन्यांची नावे खाली घेऊन लक्ष्मी-सरस्वती घरोघर गेल्या. म्हणजे चित्राची किंमत गिऱ्हाइकाने न देता साबणवाल्याने द्यावी, ही युक्ति. ती नफ्याची ठरली. त्याच छापखान्यात काही काळ दादासाहेब फाळके काम करीत होते, धुरंधरांची चित्रेही तेथे छापली गेली. रवि वर्मा १९०६ मध्ये वारले, श्लायखर १९३५ मध्ये. छापखाना तगून राहिला आणि १९७२ मध्ये आगीत त्याची राखरांगोळी झाली.

आता या कथेचे बंगळुरी शेपूट. जी चित्रे आपल्या आज्यांनी देव्हाऱ्यात लावली, पडवीत टांगली, ज्यांच्या साड्यांवर जर आणि टिकल्या हौसेने शिवल्या, आणि नव्या घरात जाताना ज्यांना ‘कॅलेंडरातले देव’ म्हणून माळ्यावर टाकले, ती शोधून, साफ करून, जपून ठेवण्याचे काम गेल्या काही वर्षांत मोठ्या प्रमाणावर येथे झाले. राजा रवि वर्मा हेरिटेज फाउंडेशन बंगळुरातच २०१५ साली स्थापन झाले. याच शहरातील वकील आणि संग्राहक गणेश शिवस्वामी यांनी या चित्रांवर अनेक खंडांचा इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला आहे. त्यामुळे एकेका कागदाची पारख आता बारकाईने होते : रोगण मूळचे की नंतरचे, रंग कितपत उडाले, जर कोणत्या काळची, आणि विशेषतः खालची कड शाबूत आहे की नाही. छापखान्याचे नाव त्या कडेवर असते. आपल्याकडचे चौकटवाले काच पुरावी म्हणून ती कड बिनदिक्कत कापीत. आमच्या आजोळच्या लक्ष्मीचीही अशीच कापलेली आहे. बहुधा चार आण्यांची काच वाचली असेल. ज्या चित्राची किंमत सामान्यांस झेपावी म्हणून छापखाना बुडाला, त्या चित्राचे मोल आज कापलेल्या बोटभर कागदावर कमी-जास्त होते.

येथे पेन्सिलीच्या ७/३० चा उगम सांगितला पाहिजे. छापचित्रांवर प्रतींची संख्या आणि कलावंताची सही घालण्याची रीत फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, फोटो आणि स्वस्त छपाई यांनी बाजार भरून टाकल्यावर, हाताने छापणाऱ्यांनी आपले वेगळेपण राखण्यासाठी ती पाडली. ‘तीसच छापीन, एकतिसावी छापणार नाही’ असे ते वचन असते. वचन मोडू नये म्हणून तांब्याच्या पत्र्यावर शेवटी आडवी रेघ ओढून तो बाद करतात. आमच्या बेळगावच्या मुलीच्या पद्धतीत तर त्याचीही गरज नाही. ती एकाच लिनोच्या तुकड्यावर काम करते : थोडे कोरायचे, फिकट रंग सगळ्या कागदांवर छापायचा, आणखी कोरायचे, मधला रंग छापायचा, आणखी कोरायचे, शेवटचा गडद रंग. प्रत्येक टप्प्याला पूर्वीचा ठसा नष्ट होत जातो. शेवटी हातात उरते ते झिजलेले चाळण. एकतिसावी प्रत ब्रह्मदेवाच्या बापालाही काढता येणार नाही. माधवरावांचा उपदेश जितका पसरता येईल तितका पसरा असा होता. हा पसाऱ्याला स्वतःच घातलेला बांध आहे. दोन्हींत फरक मनोवृत्तीचा नाही, काळाचा आहे. १८८४ मध्ये चित्र दुर्मिळ होते. आज प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर दिवसाला हजार चित्रे फुकट येतात, तेव्हा दुर्मिळ करावा लागतो तो कागद.

आम्ही तिची वही मागविली. छत्तीस कागदांवर छपाई सुरू केली होती, सहा बिघडले, तीस उतरले. कागद एकशे दहा रुपयांप्रमाणे तीन हजार नऊशे साठ. शाई आणि लिनो मिळून दोन हजार चाळीस. एकूण सहा हजार, म्हणजे प्रतीस दोनशे. श्रमाच्या रकान्यात काहीच नव्हते. विचारले तर उत्तर आले, “ते माझंच काम ना काका, त्याचे कसले पैसे?” हे उत्तर आम्ही सरकारी कचेरीत कधी ऐकलेले नाही. रेखाटन, कोरणे, छापणे, वाळविणे मिळून बारा दिवस लागले होते. दीड हजार रोज धरला. शिकलेल्या कारागिरास तो जास्त नव्हे. अठरा हजार झाले, प्रतीस सहाशे. दोनशे आणि सहाशे मिळून आठशे. संतेत तिने आठशे सांगितले ते अंदाजाने, पण अंदाज बरोबर होता. त्यात नफ्याचा पैसा नव्हता आणि मांडणीचा खर्चही नव्हता. आम्ही दिलेल्या पाचशेतून सामानाचे दोनशे वजा केले तर तिच्या हाती तीनशे पडले. म्हणजे आम्ही तिला बारा दिवसांपैकी सहाच दिवसांची मजुरी दिली होती.

इंटरनेटवरच्या विक्रीचा जमाखर्च आणखी वेगळा. पुठ्ठ्याची नळी आणि टपालखर्च दीडशे. दुकान मांडून देणारे संकेतस्थळ किंमतीवर शेकडा पंधरा कापून घेते, असे तिने सांगितले. नऊशे पन्नास पदरात पडावे तर अकराशेवीसच्या आसपास किंमत हवी. आणि तीही सर्व प्रती खपतील या गृहीतावर. हे गृहीत फार घातक असते. तीसपैकी पंधराच गेल्या तर चोवीस हजारांचा बोजा पंधरांवर येतो, आणि टपाल-दलाली धरून प्रत दोन हजारांच्या पुढे जाते. मळवलीच्या कोठारात न खपलेली चित्रे किती पडून होती कोण जाणे; पण तीस प्रतींचा हा हिशेब मांडताना आमच्या डोळ्यांपुढे तेच कोठार होते.

आम्ही सुचविले ते असे. उरलेल्या एकवीस प्रतींपैकी पहिल्या सात बाराशेला, पुढील सात चौदाशेला, शेवटच्या सात अठराशेला द्याव्यात, आणि हे टप्पे आधीच जाहीर लिहून ठेवावेत. दलाली आणि खर्च जाऊन पहिल्या टप्प्यास प्रतीमागे सत्तर रुपये उरतात, दुसऱ्यास दोनशे चाळीस, तिसऱ्यास पाचशे ऐंशी. लवकर येणाऱ्याचा लाभ, उशिरा येणाऱ्याचा तोटा. होगार्थच्या वर्गणीचाच हा वंशज. किंमत उतरवावयाची मात्र नाही, कारण ज्याने बाराशे दिले त्याच्या चित्राचे मोल आपणच पाडल्यासारखे होईल. तिने शंका काढली : मग साध्या माणसाने चित्र घ्यायचेच नाही का? संतेचा हेतू काय, आणि हे अठराशे काय? प्रश्न खरा होता, आणि आमच्यापाशी त्याचे चोख उत्तर नव्हते. एवढेच सांगितले की साध्या माणसासाठी एक लहान, एकरंगी, शंभर प्रतींचे चित्र वेगळे काढावे. त्याचे श्रम कमी, म्हणून मोल कमी. स्वस्ताई करायची ती कामाच्या मापात करावी, मजुरीत करू नये. चित्रकला परिषदेची संतेच २०२१ च्या साथीत रस्त्यावर न भरता इंटरनेटवर भरली होती. तेव्हापासून दोन्ही बाजार जवळ आले आहेत, हेही तिला ठाऊक होते. तिने लहान चित्राचे मनावर घेतले. विषय काय, म्हणून विचारले, तर म्हणाली, “मेथीची जुडी.” यावर आम्ही काही बोललो नाही.

उरलेले तीनशे रुपये आम्ही त्याच रात्री फोनवरून पाठविले. तिने ते परत केले नाहीत, आभारही मानले नाहीत. वहीच्या पानाचा फोटो पाठविला. सातव्या ओळीत, आमच्या नावापुढे, पाचशेच्या आकड्याखाली तीनशे लिहून त्यापुढे ‘बाकी जमा’ असे नोंदविले होते. गेल्या महिन्यात कळले की पहिल्या टप्प्यातील सातही गेल्या, चौदाशेच्या तीन गेल्या, आणि त्यानंतर सहा आठवडे काहीच गेलेले नाही. तिने किंमत उतरविलेली नाही.

आमची प्रत चौकटीला द्यावयाची राहिली होती. दुकानदाराने चित्र टेबलावर पसरले, पट्टी लावली आणि खालच्या कडेवर बोट ठेवून विचारले, “साहेब, ही पांढरी कड आणि हे पेन्सिलीचे काढून टाकू? काच लहान बसेल, दीडशे वाचतील.” आम्ही नको म्हटले. तो मोठ्या काचेची किंमत मांडू लागला. आम्ही मुकाट्याने ऐकत उभे राहिलो. भाव केला तो आमच्या सौभाग्यवतींनी.